भादलीला उतरलो तेव्हा

मे महिन्याच्या पाच तारखेला सकाळच्या पॅसेंजरने मामांनी मला भादलीला उतरवलं. जळगाव आणि भुसावळच्या मधलं हे लहान स्टेशन. लांब पल्ल्याच्या गाड्या धूळ उडवत निघून जातात, पॅसेंजर तेवढी मिनिटभर टेकते. माझं माहेर भुसावळचं, त्यामुळे ही पाटी खिडकीतून शेकडो वेळा पाहिलेली. पाय मात्र इथे पहिल्यांदाच टेकले.

आदल्या रात्री आमचं वाजलं होतं. माझ्या धाकट्या भावाचं वर्षश्राद्ध १९ जूनला आहे. पेपरात द्यायचा मजकूर मी लिहून आणला होता. वर फोटो, खाली नाव, ‘वय २६’, मग ‘देवाला आवडला’ हे आत्याने सुचवलेलं वाक्य आणि शेवटी घरच्यांची नावं. मामांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “पोरगा कशानं गेला, हे कुठंय यात?”

“ते कशाला लिहायचं मामा? सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना माहीत असतं तर परवा त्याचाच दोस्त बोडक्या डोक्यानं गाडी हाणत तुझ्या आईला भेटायला आला नसता.”

आई आतल्या खोलीत होती. ती बोलली नाही, तिने दार तेवढं लोटून घेतलं. मामांचा बेत याहून मोठा होता. वर्षश्राद्धाला येणाऱ्या त्याच्या मित्रांना एकेक हेल्मेट द्यायचं, आपल्या पेन्शनीतून. आईने महिनाभरापूर्वीच त्यांना सांगितलं होतं, “माझ्या लेकाची चूक गावभर वाटायची नाही.” मामांनी पुन्हा विषय काढला नव्हता, पण सोडलाही नव्हता.

जेवणं झाल्यावर हात धुता धुता ते म्हणाले, “उद्या पाच मे. भादलीला येतेस? तू कवितेची मास्तरीण ना?”

मामा छत्तीस वर्षं रेल्वेत होते. आधी असिस्टंट, नंतर मालगाडीचे ड्रायव्हर. हुद्द्याचं नाव पुढे लोको पायलट झालं, पण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात अजून ड्रायव्हरच म्हणतात. कविता त्यांनी शाळेनंतर वाचली नाही. पाच मे ही बालकवींच्या मृत्यूची तारीख त्यांना माहीत होती ती वेगळ्या कारणाने: भादली, १९१८, मालगाडी.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला कडुनिंबाची सावली होती, तिथे आम्ही बसलो. नऊ वाजले नव्हते तरी रूळ तापून थरथरायला लागले होते. खानदेशातला मे महिना.

“इथंच कुठं तरी,” मामा म्हणाले. “तेव्हा जी.आय.पी. रेल्वे. कोळशाचं इंजिन. केबिनमधून दांडा ओढला की तारेनं सिग्नल पडायचा, लोखंडी दांड्यांनी सांधे फिरायचे. रुळाच्या कडेनं हे सगळं पसरलेलं. आडवाटेनं येणाऱ्याच्या पायात येणारच. त्याची चप्पल अडकली म्हणतात. कुणी म्हणतो तारेत, कुणी म्हणतो सांध्यात.”

“मामा, तुम्ही सुरुवातच तिथून करता.”

“मग कुठून करू?”

“धरणगावहून करा. १३ ऑगस्ट १८९० ला तिथे जन्मले. त्र्यंबक बापूजी ठोमरे. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्या, खानदेशातली गावं, शिक्षण अर्धवट. १९०७ साली जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सोळा-सतरा वर्षांचा हा पोरगा तिथे उभा राहून कविता म्हणतो आणि कीर्तिकर त्याला ‘बालकवी’ म्हणतात. ते नाव जन्मभर चिकटलं. जळगाव इथून किती? पुढचंच मोठं स्टेशन. त्याची कीर्ती सुरू झाली ते गाव आणि हे स्टेशन यांच्यात पॅसेंजरचा एवढासा प्रवास आहे. पण तुम्ही मला जळगावला नाही नेलंत, इथे आणलंत.”

मामा हसले नाहीत. “जळगावला गेलो असतो तर तू भाषण केलं असतंस. मला तुला रूळ दाखवायचे होते.”

माझं म्हणणं मी त्यांना तिथेच सांगितलं, आणि ते अजूनही माझं म्हणणं आहे. बालकवी २७ वर्षं जगले. मी दिवस मोजले आहेत: १०,१२६. त्यांतल्या एका दिवशी ते इथे रूळ ओलांडत होते. उरलेल्या दिवसांत त्यांनी पाहिलं, ऐकलं, लिहिलं, रुसले, नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले, लग्न केलं. ‘फुलराणी’, ‘औदुंबर’, ‘निर्झरास’, ‘पारवा’, ‘अरुण’ हे सगळं त्याच दिवसांतलं. पण कुठल्याही वर्गात मी बालकवींचं नाव घेतलं की मागच्या बाकावरून कुणी तरी विचारतंच, “मॅडम, ते रेल्वेखाली गेले ना?” एक दिवस दहा हजार दिवसांना गिळून बसतो. अकाली गेलेल्या प्रत्येक तरुण माणसाचं आपण हेच करतो. आनंदीबाई जोशी म्हटलं की क्षय आठवतो, एकविसावं वर्ष आठवतं. फिलाडेल्फियाला डॉक्टर होताना तिने प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता, हे किती जणांना ठाऊक असतं? स्मिता पाटील म्हटलं की वय ३१ आणि बाळंतपण. ‘उंबरठा’मधलं तिचं काम त्यानंतर.

“म्हणून माझ्या भावाच्या फोटोखाली मला अपघात नको आहे,” मी म्हणाले. “तो शीळ किती सुरेख घालायचा, हे लिहिलं तरी चालेल. तेही दहा हजारांतलं आहे.”

मामांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मला दिली, मग स्वतः प्यायले. “दहा हजार दिवस तुझे,” ते म्हणाले. “ते कुणी नेत नाही. तो एक दिवस माझा आहे. मी त्यातच नोकरी केली.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. मामीलाही अर्धंच माहीत होतं.

“अठ्ठावन्न डबे कोळसा. वजन पाच हजार टनांच्या वर. इमर्जन्सी ब्रेक टाकला तरी गाडी शेकडो मीटर जाते, उतार असला तर किलोमीटरभर. म्हणजे माणूस दिसला तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. आपल्या हातात फक्त हॉर्न. हॉर्न दाबून धरायचा आणि बघत राहायचं. असिस्टंट नवीन असला तर मी त्याला सांगायचो, खाली बघ. मी मात्र बघायचो, कारण कुणी तरी बघितलं पाहिजे. म्हणतात ना, त्याची चप्पल अडकली. मला ते पटतं. लोक विचारतात, चप्पल सोडून पळाला का नाही? चप्पल सोडायला एक सेकंद लागतो. पण माणूस वाकतो. चप्पल असो, डबा असो, मोबाईल असो, माणूस खाली वाकतो. मी वाकलेली माणसं पाहिली आहेत. तो मूर्खपणा नसतो बाई. आपली वस्तू सुटली की हात खाली जातो, एवढंच.”

एक मालगाडी आली आणि गेली. ती पूर्ण जाईपर्यंत बोलता येत नव्हतं.

“पुढच्या स्टेशनला मेमो द्यायचा असतो,” ते पुढे म्हणाले. “किलोमीटर अमुक, खांब नंबर अमुक, वेळ अमुक. स्टेशन मास्तर सही घेतो, पोलिसाला कळवतो, गाडी पुढे जाते. नाव माहीत नसतं. घरी येऊन आंघोळ करायची, जेवायचं. माझ्याकडे त्यांची नावं नाहीत, खांबांचे नंबर आहेत. एक पोरगा होता, बाविसेक वर्षांचा, पाठीला कॉलेजची बॅग. तो खांब मला अजून पाठ आहे. त्याच्या घरच्यांकडे त्याचे दिवस असतील, तुझ्यासारखे. माझ्याकडे ते चार सेकंद आहेत. आता तूच सांग, त्याची आठवण कुणाकडे आहे?”

मला उत्तर देता आलं नाही. बालकवींवर मी दोन दशकं वाचते आहे. ती गाडी चालवणाऱ्या माणसाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तोही घरी गेला असेल. त्याला मराठी येत होतं की नाही कोण जाणे. आपल्या इंजिनाखाली कोण आलं हे त्याला त्या दिवशी तरी कळलं नसणार.

“म्हणून मला वाटतं,” मामा म्हणाले, “की माणूस कसा गेला हे सांगितलंच पाहिजे. तुझ्या कवितेनं माणूस वाचत नाही. इथं जळगाव जिल्ह्यातच, २०२५ च्या जानेवारीत, माहेजी-परधाड्याच्या मध्ये काय झालं? पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली, कुणी तरी साखळी ओढली, लोक उतरून शेजारच्या लाइनवर उभे राहिले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा माणसं. तिथं एक जरी माणूस ओरडला असता की ‘उतरताना शेजारच्या लाइनकडे बघा’, तर? मुंबईत लोकलच्या लाइनीवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं जातात. पूल असतो, पूल चढायचा कंटाळा असतो. शंभर वर्षांत बदललं काय? तुमचा कवी शिकवणाऱ्या शाळेत एका मास्तरानं तरी पोरांना सांगितलं का, की हा माणूस रूळ ओलांडताना गेला, तुम्ही ओलांडू नका?”

“कवितेच्या तासाला?”

“हो, कवितेच्या तासाला. पोरं तेव्हाच ऐकतात. तूच म्हणालीस, मागच्या बाकावरचं पोर नेमकं तेच विचारतं. त्याला दुसरं काय विचारायचं असतं?”

हे त्यांचं बोलणं मला लागलं. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी दर वेळी गप्प बसवते.

पण मी हार मानली नव्हती. मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते, आणि ती मी मामांना सांगितली. माणूस कसा गेला हे सांगायला लागलं की लोक तिथे थांबत नाहीत. ते मागे जातात आणि त्याच्या सगळ्या आयुष्यात मरण शोधू लागतात. बालकवींच्या शेवटच्या काळातल्या कवितांत उदासी आहे, हे खरंच आहे. ‘पारवा’ वाचून कुणालाही ती जाणवेल. पण ते गेल्यावर त्या उदासीचा अर्थच बदलला. ‘औदुंबर’ ही तर आठ ओळींची कविता. एक झाड, एक डोह, एक पायवाट, एक गाव. त्यातही किती जणांनी किती अर्थ पाहिले. कवी ऐंशी वर्षं जगला असता तर त्याच उदास ओळींना आपण तरुणपणीची हुरहूर म्हटलं असतं. मरण पुढे उभं राहिलं की मागचं सगळं त्याच्या सावलीत जातं.

“आपल्याकडेही झालं ना,” मी म्हणाले. “त्याचं शेवटचं स्टेटस आठवतं? तापीच्या पुलावरून काढलेला सूर्यास्ताचा फोटो. खाली नुसतं ‘निघालो’. तेराव्याला आत्या म्हणाली, बघा, पोराला कळलं होतं. दोन-तीन जणांनी मान हलवली. मला तेव्हा उठून जावंसं वाटलं.”

इथे मामा एकदम माझ्या बाजूला आले. आवाजच चढला त्यांचा. “त्याला काही कळलं नव्हतं! कळलं असतं तर गेला असता का? तो शिफ्टला निघाला होता, म्हणून लिहिलं निघालो. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. म्हणून तर सांगायला पाहिजे.”

कडुनिंबाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याने वळून पाहिलं. मामांनी आवाज खाली आणला.

माझा भाऊ जळगावच्या एमआयडीसीत कामाला होता. रोज पॅसेंजरने जायचा, पास होता त्याचा. गेल्या वर्षी १८ जूनला दुसऱ्या पाळीसाठी निघताना दुपारची गाडी त्याला चुकली. दोन मिनिटांनी. तो घरी परत आला, मोटारसायकलची किल्ली घेतली आणि गेला. रात्री पाळी संपवून परत येताना नशिराबादच्या पुढे महामार्गाच्या कडेला बंद पडलेला ट्रेलर उभा होता, मागे एकही दिवा नव्हता. बारा वाजून गेले होते, म्हणून तारीख १९. हाताला, छातीला फारसं काही झालं नव्हतं. डोक्याला झालं होतं. हेल्मेट घरी, दाराच्या मागे खुंटीवर होतं. काळं, डाव्या बाजूला एक ओरखडा, आत त्याच्या केसांच्या तेलाचा डाग. ते अजून तिथेच आहे. आई दर शुक्रवारी घर पुसते तेव्हा ते काढते, ओल्या फडक्याने पुसते आणि परत लावते.

मामा खिशात छोटी डायरी ठेवतात. ती त्यांनी उघडली. “२०२२ सालचा सरकारी आकडा आहे. देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली हेल्मेट न घातलेली ५०,०२९. पन्नास हजार खुंट्या आहेत बाई. आणि प्रत्येकाच्या घरी पेपरात आलंय, देवाला आवडला. देवाला कशाला मध्ये घालता?”

“मामा, ती त्याची आई आहे. तिला तिच्या मुलाचा आकडा करायचा नाही.”

“मला तरी कुठं करायचाय? मी त्याला सायकल शिकवली.”

थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प बसलो. मग मला ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आठवलं आणि मी मामांना ते लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांबद्दल सांगितलं. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी बालकवीला नगरला आपल्या घरी आणलं, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला घरातलंच माणूस मानलं. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ ते १९३६ या काळात आले, म्हणजे तो जाऊन सोळा वर्षं उलटल्यावर. तरी त्यात तो महाकवी म्हणून येत नाही, ‘ठोमरे’ म्हणून येतो, हट्टी, हळवा, स्वयंपाकघरात वावरणारा. मला नेहमी वाटतं, बालकवींचं सगळ्यात खरं स्मारक ते आहे. पुतळ्याला रुसता येत नाही, लक्ष्मीबाईंच्या ठोमऱ्याला येतं.

मामांनी हे लक्षपूर्वक ऐकलं. मग म्हणाले, “त्या बाईंनी त्याच्या खोड्या लपवल्या नाहीत ना?”

“नाही.”

“मग हेल्मेट विसरला ही खोडीच समज. लपवायची कशाला?”

परतीच्या गाडीला वेळ होता. वाद थकला होता आणि आम्ही दोघं नुसते बोलत बसलो, त्याच्याबद्दल. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. घरात त्याचं नाव निघालं की आवाज आपोआप खाली जायचे. इथे परक्या प्लॅटफॉर्मवर तो मोकळा झाला.

मी मामांना पुण्याची गोष्ट सांगितली. पेशवे उद्यानात लहान मुलांची आगगाडी आहे, ‘फुलराणी’. १९५६ पासून ती तिथे फेऱ्या मारते. हे नाव मराठी घराघरांत पोचलं ते बालकवींच्या कवितेमुळे, आणि पुढे पु. ल. देशपांड्यांनी आपल्या नाटकाला ‘ती फुलराणी’ म्हटलं. रेल्वेखाली गेलेल्या माणसाच्या शब्दाचं नाव पोरांच्या गाडीला लागलेलं आहे. त्या गाडीत बसणाऱ्या एकाही पोराला हे माहीत नसतं, आणि माहीत नसावं असंच मला वाटतं. भाऊ पाच वर्षांचा असताना मी त्याला तिथे नेलं होतं. शिट्टी वाजली तसा तो किंचाळून माझ्या मांडीवर चढला. फेरी संपली आणि तो उतरेना. रडून रडून पुन्हा तिकीट काढायला लावलं, पण आता त्याला पुढे बसायचं होतं, ड्रायव्हरजवळ. “माझे मामा पण चालवतात,” असं त्याने त्या माणसाला सांगितलं. “पण त्यांची मोठी आहे.” घरी येईपर्यंत तो तोंडाने ती शिट्टी काढत होता. शीळ घालायला तो तेव्हापासून शिकला.

“हे मला माहीत नव्हतं,” मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. बराच वेळ पुसला.

दुपारी घरी आलो. आईने वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. मामांना ताट वाढताना तिने विचारलं, “काय बघितलं भादलीला?”

“रूळ,” मामा म्हणाले.

जेवणं झाल्यावर मी मजकुराचा कागद पुन्हा काढला. मी म्हणाले, “आई, मी शीळेचं लिहू का यात?” मामा काही बोलले नाहीत. हेल्मेटचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच आई बोलली.

ती खुंटीकडे न बघता बोलली. “दादा, तुला वाटतं मी त्याची चूक झाकते आहे. हिला वाटतं मला ते दुःख नको आहे. तसं नाही. तो किल्ली घेऊन गेला आणि मी दार लावायला गेले, तेव्हा ते मला खुंटीवर दिसलं. मला दिसलं होतं. म्हटलं फोन करावा, कोपऱ्यापर्यंतच गेला असेल. गॅसवर भाजी फोडणीला होती. म्हटलं फोडणी देऊन करते. मग राहून गेलं.”

वर्षभर हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं तिच्या डोक्यावरून वाद घालत होतो, एक जण आयुष्याच्या बाजूने, एक जण मरणाच्या. ती कुठे उभी आहे हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. पेपरात हेल्मेट छापून आलं असतं तर बाकीच्यांनी ते त्याची चूक म्हणून वाचलं असतं. तिने ते स्वतःची म्हणून वाचलं असतं.

मामा उठून तिच्याजवळ जाऊन बसले. आपल्या बहिणीशी ते एरवी मोठ्या भावासारखं, थोडं दटावून बोलतात. त्या दिवशी बोलणं वेगळं होतं. “ऐक माझं,” ते म्हणाले. “मी हॉर्न दिला होता. दर वेळी दिला होता, हात दुखेपर्यंत. तरी झालं. तू फोन केला असतास तर तो म्हणाला असता, ‘उशीर झालाय आई, एक दिवस चालतं.’ तू त्याची आई आहेस, तुला माहीत आहे तो काय म्हणाला असता.”

आई म्हणाली, “हो, तसंच म्हणाला असता.” आणि मग ती रडली, तेराव्यानंतर पहिल्यांदा आमच्यासमोर.

मी हे सगळं का लिहिते आहे? कारण तुमच्याही घरात किंवा शेजारी असा एखादा फोटो असेल, आणि त्याच्याखाली अशीच गुळगुळीत वाक्यं असतील. त्या घरातल्या आईला, बहिणीला, त्या दिवशी फोन करायचा राहून गेलेल्या मित्राला एकदा विचारा, तुला काय सांगायचं आहे? लोक थांबलेले असतात. आम्हाला विचारायला अकरा महिने लागले.

मामांच्या हेल्मेटांना आई अजून हो म्हणालेली नाही. तिने एवढंच सांगितलं की मित्रांपैकी जो बोडक्या डोक्याने येईल त्याला ती स्वतः दारातून परत पाठवील. आणि मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर मी ठरवून ठेवलं आहे. जूनमध्ये कॉलेज उघडलं की बालकवींच्या तासाला मी त्याला चप्पल आणि रूळ दोन्ही सांगणार आहे, आणि मग ‘फुलराणी’ वाचणार आहे.

मजकूर आईने सांगितला, मी लिहून घेतला. त्यात फोटो आहे, नाव आहे, वय २६ आहे. पुढे दोन वाक्यं आहेत: ‘मोटारसायकलवर निघताना हेल्मेट घरी राहिलं. त्याला शीळ फार सुंदर घालता यायची.’ खाली नेहमीप्रमाणे घरच्यांची नावं आहेत, मामांचंही आहे. ‘देवाला आवडला’ हे वाक्य आम्ही काढून टाकलं आहे.